चुना सुकेपर्यंत

मुरुडच्या बाजारात त्यांना ‘हात लावणाऱ्या बाई’ म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. तोंडावर बोलायची छाती या गावात फार थोड्यांना आहे. हे मी पत्रकातही छापलं होतं, इथंही लिहिते.

नाव मात्र खोटं नव्हतं. बाई रस्त्यानं निघाल्या की दिसेल त्या वस्तूला उलटा हात लावत. दुकानाची फळी, देवळाचा कठडा, उन्हात उभ्या एसटीचा पत्रा. हात लावायचा, क्षणभर थांबायचं आणि पुढं चालू पडायचं. एकदा मच्छीबाजाराजवळ एका गृहस्थांच्या नव्या मोटारीला त्यांनी असाच हात लावला. गृहस्थ धावत आले.

“काय हवंय बाई?”

“काही नको. काळी का घेतलीत?”

“शोभून दिसते.”

“शोभेल. आत बसून घामानं निथळाल,” म्हणाल्या आणि गेल्या.

बाई आमच्या हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवीत. अंगावर सदा पांढरं लुगडं. नवखा माणूस विधवा समजून हळहळायला लागला की त्या फटकन सांगत, “पांढरं नेसते ते उन्हासाठी. कुणाच्या नावानं नाही.” लग्न केलं नव्हतं. का, हे गावात कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. म्हणाल्या, “राहून गेलं. तुझं पत्रक लिहून झालं का?”

मी तेव्हा पेणहून मुरुडला आले होते, आमच्या संघटनेच्या कामाला. मुलींना शाळेत पाठवा, वरच्या वर्गांना बसवा, अशी पत्रकं लिहायची, सायक्लोस्टाइल करायची आणि घरोघर वाटायची. एकटी मुलगी, वर पत्रकं वाटणारी. जागा कोण देतो! ज्यांच्या ओट्यावर ‘अतिथी देवो भव’ रंगवलेलं होतं त्यांनीच आधी दार लावलं. बाईंनी मागची खोली दिली. अट एकच घातली.

“पश्चिमेच्या भिंतीला कपाट टेकवायचं नाही. ती भिंत माझी आहे.”

भिंत कुणाची कशी असते, ते मला त्याच संध्याकाळी कळलं. दिवस मावळल्यावर बाई खोलीत आल्या आणि त्या भिंतीसमोर तळहात धरून उभ्या राहिल्या. भिंतीला न टेकवता, बोटभर अंतर ठेवून.

“ये. ऐक,” म्हणाल्या.

“काय ऐकू?”

“हातानं ऐक.”

मी हात धरला. भिंतीला शिवले नव्हते, तरी तळव्याला ऊब लागत होती.

“दिवसभर ऊन प्यायली, आता टाकतेय,” बाई म्हणाल्या. “उष्णता तीन वाटांनी जाते. शिवून जाते, त्याला वहन म्हणतात. वाऱ्यापाण्याच्या पाठीवर बसून जाते, ते अभिसरण. आणि तिसरी वाट म्हणजे ना शिवायचं, ना कुणाच्या पाठीवर बसायचं. वस्तूनं आपल्या अंगातून नुसतं टाकायचं. ते प्रारण. सूर्याची उष्णता आपल्यापर्यंत येते ती अशी. मधे सगळी पोकळी.”

मला त्या वेळी वाटलं, बाई जरा सटकलेल्या आहेत. आजही वाटतं. पण सगळं गाव जर शहाणं असेल आणि एक बाई सटकलेली, तर मी कुणाच्या बाजूला उभी राहीन हे सांगायला नको.

बाईंकडे चहाच्या दोन किटल्या होत्या. एक बाहेरून लखलखीत, दुसरी चुलीच्या काजळीनं काळीकुट्ट. लखलखीत किटली ताप धरून ठेवते, काळी भराभर टाकून देते. त्यामुळं हव्याशा माणसाचा चहा लखलखीत किटलीत आणि नकोशा माणसाचा काळ्या किटलीत. नकोसा माणूस गार होत चाललेला चहा घाईनं पिऊन उठायचा. शाळेच्या कमिटीचे चेअरमन घरी येऊन गेले की म्हणायचे, “बाई हुशार आहेत, पण त्यांना चहा करता येत नाही.” मी आतल्या खोलीत पदर तोंडात कोंबून हसत असे.

माझ्या पत्रकांवर त्यांची तांबडी पेन्सिल चालायची. मी एकदा लिहिलं, ‘कमिटी मुलींच्या शिक्षणाचा गळा घोटत आहे!’ बाईंनी गळ्याखाली रेघ ओढली.

“गळा पाहिलास?”

“बाई, ती बोलायची पद्धत असते.”

“पद्धत असेल. चेअरमन उद्या विचारतील, कुठाय गळा? मग तू काय दाखवशील? त्यांनी काय केलं ते लिही. तेवढंच पुरे वाईट आहे.”

मला राग यायचा. पत्रक म्हणजे काय पंचनामा असतो? पण रात्री तेच वाक्य पुन्हा लिहिलं की अधिक झोंबायचं, हे कबूल केलं पाहिजे.

आता मुख्य वेड सांगते.

रशियानं पहिला उपग्रह सोडला तेव्हा सारं मुरुड संध्याकाळी समुद्रावर जाऊन आकाशाकडे बघत होतं. कुणाला दिसला, कुणाला दिसलाच असं वाटलं. वर्तमानपत्रात त्याचं चित्र आलं, चकचकीत गोळा आणि चार मिशा. लोक म्हणाले, काय चमकतो! बाई म्हणाल्या, “चमकतो ते दिसलं. पण तापतो किती?”

हा प्रश्न त्यांच्या डोक्यात जो शिरला तो काही वर्षं निघालाच नाही. उपग्रहाला वर वारा नाही, म्हणजे वाऱ्यानं थंड होणं नाही. कशाला टेकलेला नाही, म्हणजे शिवून ताप जाणं नाही. दोन वाटा बंद. राहिली तिसरी. मग त्याच्या आतली यंत्रं भाजून निघू नयेत म्हणून अंगाला बाहेरून काय लावावं? सगळं येऊन ठेपलं बाहेरच्या कातडीवर. मुंबईहून मासिकं मागवत, त्यांत उपग्रह किती मैल वर गेला ते असायचं, त्याला काय फासलं होतं ते नसायचं. बाई चिडायच्या. “नवऱ्या मुलाची उंची सांगतात, प्रकृती सांगत नाहीत!”

शेवटी त्यांनी स्वतःच प्रयोग करायचा ठरवला. तांब्याचे तीन सारखे तांबे घेतले. एकाला कंदिलाची काजळी. दुसऱ्याला आपल्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांचा चुना. तिसऱ्याला कल्हई, पण बाहेरून.

उस्मानचाचा म्हणजे गावचा कल्हईवाला. भाता मांडून बसला आणि सवयीनं तांब्याच्या पोटात कथील फिरवायला लागला. बाई म्हणाल्या, “आतून नको. बाहेरून.”

चाचानं भाता थांबवला. “बाय, कल्हई आतनं करतात. पोटात जानारी चीज आतनं असते.”

“यात काही ठेवायचं नाही.”

“ठेवायचा न्हाय? मग भांडा कशाला?”

“उन्हात ठेवायला.”

चाचानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत बाईंबद्दलची सारी कणव होती. “या अल्ला! करतो बाय, पन कुनाला सांगू नको मी केली. लोक म्हनतील उस्मान म्हातारा झाला, भांड्याचा आतबाहेर कलत न्हाय.” बाहेरून कल्हई केली, अगदी आरशासारखी. पैसे घेतले आणि तांब्या जाताना पुन्हा उलटा करून बघितला.

शाळेमागच्या अंगणात समुद्राचा वारा लागतो, म्हणून बाईंनी नारळाच्या झापांचा आडोसा केला. आकाशातली पोकळी मुरुडात कुठून आणणार? निदान वारा तरी नको. प्रत्येक तांब्याच्या तोंडाला लाकडी बूच, बुचातून थर्मामीटर. मुली आळीपाळीनं आकडे वाचायच्या. काळा सगळ्यांत तापायचा, यात नवल नाही. पण दुसरा नंबर चुन्याचा येईल म्हणून पैज लावलेल्या साऱ्या मुली हरल्या. दुसरा नंबर कल्हईचा, तोही काळ्याच्या पाठोपाठ. चुना सर्वांत थंड.

त्याच वर्षी कमिटीनं ठराव आणला, मुलींचा विज्ञानाचा वर्ग बंद करायचा. मुलग्यांचा राहील. मुलींना गृहशास्त्र पुरे, प्रयोगशाळेची खोलीही मोकळी होईल. चेअरमन नारळ-सुपारीचे व्यापारी. सभेत म्हणाले, “पोरींना शेवटी चूलच फुंकायची. चुलीचा ताप कसा जातो ते आयाबहिणी शिकवतात.” मी उभी राहून विचारलं, “तुमच्या घरची चूल कोण फुंकतं? कधी हात भाजला का तुमचा?” मला बाहेर काढलं. गेले, जाताना पत्रकं वाटत गेले.

शेवटचा शब्द शिक्षण खात्याच्या साहेबांचा होता. ते अलिबागहून तपासणीला येणार, वर्ग बघणार, आणि चालू ठेवायचा की बंद करायचा ते लिहून देणार. बाईंनी ठरवलं, दुसरं काही दाखवायचं नाही. तीन तांबे दाखवायचे.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी बाईंबरोबर शाळेमागे गेले आणि जागच्या जागी थिजले. आडोशात तीन तांबे ओळीनं ठेवलेले, तिन्ही झगझगीत. काजळी नाही, चुना नाही, कल्हई तेवढी शाबूत. शाळेची पाणी भरणारी हिराकाकू चिंच आणि राखेचे हात धुवत उभी होती. चेहऱ्यावर केवढं समाधान!

“काकू, हे काय केलंत?” मी ओरडले.

“घासली. साह्यब येनार ना? काल्या तोंडाचं भांडं साह्यबापुढं ठेवाचं व्हय? एक तर निस्ता चुन्यानं माखलेला. माजीच लाज गेली असती.”

घरी पाहुणा येणार म्हटल्यावर भांडी घासणार नाही अशी बाई आमच्या किनाऱ्यावर जन्मायची आहे. मला रडू फुटायच्या बेतात होतं. बाईंनी तांबे पाहिले, हिराकाकूकडं पाहिलं आणि चक्क हसायला लागल्या. “हिरा, छान घासलेस हो. आता मैदानावरची फक्की आण.” खो-खोच्या रेघा मारायची ती फक्की, म्हणजे चुनाच. पाण्यात कालवून बाईंनी एका तांब्याला दाट फासली. दुसरा मी कंदिलावर धरला. एवढ्यात साहेब, मागून चेअरमन आणि दोन कमिटीवाले अंगणात आलेच.

साहेब उंच, घामाघूम, कपाळाला आठ्या. आल्याबरोबर घड्याळ पाहिलं. “दुपारची गाडी धरायची आहे मला. काय ते लवकर दाखवा.”

बाईंनी एक मुलगी पुढं केली. चांगुणा, कोळीवाड्यातली, अंगानं काटकुळी, आवाज मात्र होडीवरून किनाऱ्याला ऐकू जाईल असा. तिनं घडाघडा सांगितलं, उपग्रह म्हणजे काय, तिथं वारा का नाही, बाहेरच्या कातडीला का महत्त्व. साहेब ऐकत राहिले. मग पुढं झाले आणि तांब्यांना हात लावला. काळा गरम. कल्हईचा गरम. चुन्याच्या तांब्यावर हात ठेवला आणि त्यांच्या आठ्या मोडल्या.

“अरे वा! हा तर गार पाण्यासारखा आहे. बाई, सिद्ध झालं की!” खिशाचं पेन निघालं, कागद हातात होताच. “मुलींची तयारी उत्तम आहे. वर्ग चालू ठेवण्यास...”

“थांबा साहेब,” बाई म्हणाल्या. “हे खोटं आहे.”

मी देवाला मानत नाही, पण तेव्हा मानलं असतं.

“खोटं?”

“चुना ओला आहे. ओल्यातलं पाणी उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माठ गार होतो तसा हा गार झालाय. आकाशात माठ चालत नाही साहेब. तिथं वस्तूनं आपला ताप आपणच टाकायचा असतो. चुना सुकू द्या, मग हात लावा.”

मी त्यांचा पदर ओढला. “बाई, सही होऊ द्या! सुकल्यावरही तेच येणार आहे, रोज येतं!”

“रोज येतं ते आज त्यांना दिसलेलं नाही,” बाई हळू म्हणाल्या. “मुली खिडकीतून बघतायत. ओल्या चुन्यावर घेतलेल्या सहीचा वर्ग मी त्यांना कोणत्या तोंडानं शिकवू?”

चेअरमनांना तर दिवाळीच. “ऐकलंत साहेब? बाई स्वतःच म्हणतात खोटं आहे! साहेबांनाच चुना लावत होत्या.” दोघे कमिटीवाले खो-खो हसले.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. “बाई, माझी गाडी चुकेल.”

“चुकू द्या. उद्या सकाळी दुसरी आहे. या मुलींना दुसरा वर्ग नाही.”

साहेब रागीट होते हे दिसत होतं. त्यांनी विचारलं, “किती वेळ लागेल?”

“सुकेपर्यंत.”

“म्हणजे किती?”

“ते मी कसं सांगू? ऊन सांगेल.”

साहेबांनी बाईंकडं निरखून पाहिलं. मग हिराकाकूला म्हणाले, “एक बाक आणता का?”

ते बसले. चेअरमन घरी जेवायला जाणार होते, पण साहेब बसलेत म्हटल्यावर त्यांनाही बसावं लागलं. हिराकाकूनं शहाळी फोडून दिली. स्टँडवरून एसटीचा हॉर्न आला, लांबलचक. साहेबांची मान तिकडे वळली आणि परत आली. आम्ही सगळे, शिक्षण खातं, कमिटी, संघटना, एका तांब्यावरचा चुना सुकण्याची वाट बघत बसलो होतो. कडेनं तो फटफटीत होत गेला, मधला ओला डाग लहान लहान होत गेला. मुरुडात मी खूप सभा पाहिल्या. त्यापेक्षा भरगच्च सभा पाहिली नाही.

डाग गेला. बाई तरीही उठेनात. अजून थोडा तापू द्या, म्हणाल्या. मग मान हलवली.

साहेबांनी काळ्याला बोट लावलं, झटकन काढलं. कल्हईचा तांब्या समोर चांदीसारखा लखलखत होता. चकचकीत वस्तू, तिला काय भ्यायचं? त्यांनी अख्खा पंजा ठेवला आणि “आईगं!” म्हणून उडालेच. हात झटकत बाईंकडं पाहू लागले. बाईंनी चुन्याच्या तांब्याकडं बोट केलं. साहेबांनी दबकत दबकत हात टेकवला. तो तिथंच राहिला. चांगुणानं तिन्ही थर्मामीटर मोठ्यानं वाचून दाखवले, पण आता आकड्यांची गरज कुणालाच नव्हती.

“मला वाटायचं, चमकतं ते थंड,” साहेब म्हणाले.

“ऊन परतवतं, हे खरंच आहे,” बाई म्हणाल्या. “पण जेवढं आत शिरलं तेवढं सोडत नाही. कंजूष असतं. चुनाही ऊन परतवतो, आणि शिरलेला ताप मोकळ्या हातानं टाकतो. उजेडापुरतं पांढरं, तापापुरतं काळं, असं त्याचं अंग आहे.”

कंजूष म्हटल्यावर सगळ्यांची नजर चेअरमनांकडे का गेली, ते मी लिहीत नाही. बाईंची तांबडी पेन्सिल आठवते.

साहेबांनी तिथंच बाकावर बसून लिहिलं, मुलींचा विज्ञानाचा वर्ग चालू ठेवावा. खाली आणखी एक ओळ लिहिली आणि स्वतःच वाचून दाखवली, ‘शिक्षिका अतिशय हट्टी आहेत; त्यांना याच वर्गावर ठेवावे.’ चेअरमन म्हणाले, “साहेब, मीही हेच म्हणणार होतो.” असली माणसं बुडत नाहीत.

मी चिडलेली होते, हे लपवत नाही. रात्री बाईंशी भांडले. सही हातची जाऊ लागली होती, वर्ग गेला असता, पोरी चुलीपाशी गेल्या असत्या, तुमच्या खरेपणाची किंमत त्यांनी का द्यायची? बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “तुझं म्हणणं चूक नाही,” म्हणाल्या. “मलाही भीती वाटत होती. म्हणून साहेबांकडं न बघता चुन्याकडं बघत बसले होते.” एवढंच. पुढं किती पुढाऱ्यांची भाषणं मी ऐकली, टाळ्याही वाजवल्या. पण मला कुणी विचारलं की तू कुणाच्या हाताखाली शिकलीस, तर मी मान वर करून सांगते, हात लावणाऱ्या बाईंच्या.

जूनमध्ये वर्ग उघडला. बाईंनी मलाही बोलावलं, मी मागच्या भिंतीशी उभी होते. बाईंनी फळ्यावर मोठा गोळा काढला, त्याला पांढऱ्या खडूनं भरलं आणि सांगितलं, उपग्रहाला बाहेरून पांढरा रंग द्यावा, म्हणजे तो तापणार नाही, हे आपण सिद्ध केलं आहे.

चांगुणा उभी राहिली.

“पन बाई, तो पृथ्वीच्या फेऱ्या मारतो ना?”

“हो.”

“मंग पृथ्वीच्या आडोशाला गेला का त्याला ऊन न्हाय. ताप तर तो टाकीतच ऱ्हानार, मोकल्या हातानं. मंग तुमचा पांढरा गोळा गारठून मरंल की!”

बाई फळ्याकडं वळल्या. त्यांच्या पाठीवरूनच मला कळलं, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी उन्हाचाच विचार केला होता.

“मग काय करावं?” बाईंनी फळ्याकडं तोंड ठेवूनच विचारलं.

“थोडा चुना, थोडी कल्हई. पट्टं मारायचं,” चांगुणा म्हणाली. “एक टाकील, एक धरंल. किती कुनाचा, ते मोजून बघू.”

परदेशातल्या उपग्रहांवर असेच पांढरे पट्टे मारलेले असतात, हे बाईंना पुढं कधीतरी एका मासिकात वाचायला मिळालं. त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं. बाई वळल्या. चेहरा असा उजळलेला, की माझ्या कुठल्या पत्रकानं कुणाचा तसा झालेला मी पाहिला नाही. बाकांमधून चालत त्या चांगुणापाशी आल्या, खडू तिच्या हातात दिला, “जा, काढून दाखव,” म्हणाल्या, आणि तिच्या रिकाम्या जागेवर, पोरींच्या ओळीत सरकून बसल्या.